मधली जागा : जंतरमंतर, एक सामोअन शब्द आणि आपले ‘अंतर’

दिल्लीच्या जंतरमंतरच्या आवारात दक्षिणेच्या टोकाला दोन गोल इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. येणारे-जाणारे त्यांच्या कमानींपाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यांचे नाव रामयंत्र. दोन्ही इमारतींना छप्पर नाही. भिंतीत ओळीने खिडक्या, मधोमध एक जाड खांब, आणि खांबापासून भिंतीपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या तीस पट्ट्या. प्रत्येक पट्टी सहा अंशांची, आणि दोन पट्ट्यांमधली फटही सहा अंशांची. पट्टी आणि फट मिळून बारा अंश. अशा तीस जोड्या झाल्या की वर्तुळ पुरे होते.

दुसऱ्या इमारतीत गेले की सगळे तसेच दिसते, पण नीट पाहिले तर एक फरक ध्यानात येतो. पहिल्या इमारतीत जिथे पट्टी आहे, तिथे दुसरीत फट आहे. आणि पहिलीत जिथे फट, तिथे दुसरीत पट्टी. दोन्ही इमारती एकमेकींवर ठेवल्या असे मनात आणले, तर एक अखंड जमीन तयार होते. मग एकच इमारत अखंड जमिनीची का बांधली नाही? कारण तसे केले असते, तर माणसाला उभे राहायला जागाच उरली नसती. दिवसा खांबाची सावली पाहून सूर्याचे स्थान वाचता येते, त्याला माणसाचे शरीर मध्ये लागत नाही. पण चंद्राची किंवा ताऱ्याची सावली वाचता येत नाही. त्यासाठी निरीक्षकाला पट्ट्यांच्या मध्ये शिरावे लागते, पट्टीच्या कडेला डोळा लावून खांबाचे टोक आणि तारा एका रेषेत आणावे लागतात. पट्ट्या जमिनीपासून उचललेल्या आहेत त्या यासाठीच. तारा पहिल्या इमारतीतल्या फटीत हरवला, की माणूस उठून दुसऱ्या इमारतीत जातो.

म्हणजे ही फट उरलीसुरली जागा नव्हे. ती मोजून ठेवलेली, बांधलेली, माणसासाठी राखलेली जागा आहे. यंत्राचा जो भाग दगडाचा नाही, तोही यंत्रच आहे.

हे सांगताना मला एका दूरच्या भाषेतला शब्द वारंवार आठवतो. सामोआ हा प्रशांत महासागरातला द्वीपसमूह. आपल्याकडच्या वाचकाला तो माहीत असलाच तर आर. एल. स्टीव्हन्सनमुळे, ‘ट्रेझर आयलंड’चा हा लेखक १८९४ साली तिथेच वारला. सामोअन भाषेत ‘वा’ असा एक दीर्घ उच्चाराचा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ ‘मधली जागा’. दोन खांबांमधली, दोन घरांमधली, तशीच दोन माणसांमधली, भाऊ-बहिणीमधली, जिवंत माणसे आणि पूर्वज यांच्यामधली. ‘तेउ ले वा’ असा तिथला वाक्प्रचार आहे. घर जसे झाडून-पुसून नीट लावावे, तशी ही मधली जागा नीट ठेवा, असा त्याचा आशय. अपियात १९३९ साली जन्मलेल्या आल्बर्ट वेण्ट या लेखकाने १९९६ साली सामोअन गोंदणावर एक निबंध लिहिला, आणि त्यात इंग्रजी वाचकांना हा शब्द समजावून दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ही जागा वस्तूंना तोडत नाही, जोडते. आणि वस्तूंचा अर्थ या जागेमुळे घडतो, नाती बदलली की तो अर्थही बदलतो.

हे तत्त्वज्ञान पोथीतून आलेले नाही. सामोअन घराला, ‘फाले’ला, भिंती नसतात. वर गवता-पानांचे घुमटासारखे छप्पर, खाली गोलाकार उभे केलेले खांब, आणि बाकी सगळे वाऱ्याला मोकळे. गावसभा भरली की कुळांचे प्रमुख आपापल्या खांबाला टेकून बसतात. कोणता खांब कोणाचा, हे ठरलेले असते. मध्ये रिकामी चटई, आणि त्या रिकाम्या जागेतून बोलणे जाते. शेजारच्या टोंगा बेटांवरही हाच शब्द आहे. तिथे जन्मलेला आणि न्यूझीलंडमध्ये काम करणारा फिलिपे तोही हा शिल्पकार घराच्या तुळया बांधण्याच्या ‘लालावा’ या दोरकामातून आपली अमूर्त शिल्पे घडवतो. खिळा न मारता नारळाच्या काथ्याने दोन लाकडे बांधायची, तर दोर दोघांच्या मधून पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. त्या फेऱ्यांमधून जी नक्षी उमटते, तीच त्याच्या शिल्पाचा विषय. दोन वस्तूंच्या मध्ये जे घडते, त्याला आकार देणे हे त्याचे काम.

युरोपीय जहाजाने सामोआची बेटे पहिल्यांदा पाहिली ती १७२२ साली, याकोब रोग्गेवेन या डच दर्यावर्दीच्या सफरीत. त्यानंतर दोन वर्षांनी, १७२४ मध्ये, दिल्लीच्या तटाबाहेर जयसिंगपुऱ्यात सवाई जयसिंगाची वेधशाळा उभी राहिली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तसा संबंध जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. पण परक्या भाषेतला एखादा शब्द कधीकधी आपल्या घरातली वस्तू दाखवून देतो, तेवढ्यापुरता मी तो हाती धरला आहे.

आपल्याकडे या अर्थाच्या जवळचे शब्द कमी नाहीत. ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा, आणि ‘अवकाश’ म्हणजे सवड. जागा आणि वेळ या दोघांना मराठीने एकाच शब्दात बसवले आहे. त्याहून चमत्कारिक शब्द ‘अंतर’. पुणे-दिल्ली अंतर म्हणतो तेव्हा तो लांबी दाखवतो. ‘अंतरी’ म्हणतो तेव्हा तोच काळजाच्या आतली जागा दाखवतो. ‘मला अंतर देऊ नकोस’ हे आपल्या भाषेतले फार काकुळतीचे वाक्य आहे, आणि ‘दोघांत अंतर पडले’ हे फार दुःखाचे. सामोअन माणूस मधली जागा जपायला सांगतो. मराठी माणूस ती पडू नये म्हणून विनवतो. शब्द जवळचे, पण भीती निराळी. ही भीती कुठून आली, याचा विचार पुढे करू. आधी ही यंत्रे ज्यांनी घडवली त्यांच्याकडे जायला हवे.

सवाई जयसिंग (१६८८-१७४३) हा आमेरचा राजा. शिवाजीराजांशी १६६५ साली पुरंदरचा तह करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगाचा हा खापरपणतू. नावाच्या सारखेपणामुळे आपल्याकडे दोघांची गल्लत होते, आणि ती जुनी आहे. जयसिंगाचा ज्योतिषगुरू जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्री ब्राह्मण. शिवाजीवरच्या मोहिमेत जयसिंगाला हा बुद्धिमान तरुण सापडला आणि त्याने त्याला बरोबर नेले, अशी एक कथा ज्योतिषाच्या इतिहासात सांगितली गेली. पण शिवाजीराजे १६८० साली वारले, आणि सवाई जयसिंग जन्मला त्यानंतर आठ वर्षांनी. कथा टिकत नाही. जगन्नाथ मात्र टिकतो, कारण त्याचे ग्रंथ उरले आहेत. त्याने युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात रूपांतर केले, तेही ग्रीकवरून नव्हे, नासिरुद्दीन तुसीच्या अरबी संस्करणावरून. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’चेही अरबीवरून संस्कृत केले, तो ‘सिद्धान्तसम्राट’ १७३२ चा. ‘रेखागणित’ पुढे १९०१-०२ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात जयसिंगाच्या कामाची नोंद केली, तेव्हा मराठी वाचकाला हा सगळा प्रपंच मराठीतून वाचता आला.

एक महाराष्ट्री ब्राह्मण, एका राजपूत राजाच्या पदरी, ग्रीक विद्या अरबीतून वाचून संस्कृतात लिहितो. आणि त्याच राजाचे खगोलकोष्टक फारसीत तयार होऊन मोगल बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ म्हणून प्रसिद्ध होते. जयसिंगाने पोर्तुगालला पाठवलेल्या मंडळात मानुएल द फिगेरेदो हा जेझुइट पाद्री होता, आणि त्यातून फ्रेंच ज्योतिषी ला हीरची कोष्टके जयपूरला पोचली. चार-पाच भाषांच्या मधोमध हे काम चालले होते. भाषांतर करणारा माणूस नेहमीच दोन पट्ट्यांमधल्या फटीत उभा असतो.

त्या माणसांना नेमके काय हवे होते? जयसिंगाने आधी पितळेची यंत्रे करून पाहिली. त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते, आकार लहान असल्याने अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत, ही तक्रार त्याने झीजच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. म्हणून त्याने दगड-चुन्याची, हलणारा भाग नसलेली, प्रचंड यंत्रे बांधली. दिल्लीच्या सम्राटयंत्राची मधली त्रिकोणी भिंत सुमारे सत्तर फूट उंच आहे, आणि तिची तिरकी कड पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे दिल्लीच्या अक्षांशाइतक्या कोनात कललेली. जयप्रकाश यंत्राच्या दोन अर्धगोल वाट्या जमिनीत खोदलेल्या आहेत. आकाशाचा घुमट उलटा करून खाली ठेवावा तशा. त्यांच्यातही रामयंत्राचीच युक्ती : एका वाटीत जी पट्टी कोरलेली, दुसरीत ती कापून काढलेली. वाटीवर आडव्या-उभ्या ताणलेल्या तारांच्या मध्यबिंदूची सावली एका वाटीतल्या फटीत उतरली, की दुसऱ्या वाटीत ती पट्टीवर सापडते. यंत्र हलत नाही. आकाश हलते, आणि त्याच्यामागे माणूस हलतो.

जयसिंगाचे राजकारणही असेच मधल्या जागेतले होते. एका बाजूला ढासळत चाललेली मोगल बादशाही, दुसऱ्या बाजूला नर्मदा ओलांडून येणारे मराठे, आणि मध्ये हा. १७३५ साली बाजीरावाची आई राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाली, तेव्हा शत्रूच्या मुलखातून जाणाऱ्या या यात्रेत जयसिंगाने तिचा मोठा सत्कार केला. पुढच्या वर्षी बाजीराव आणि जयसिंग प्रत्यक्ष भेटले. ‘मध्यस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ मध्ये उभा असलेला, इतकाच. १७३७ च्या वसंतात बाजीराव अचानक दिल्लीवर येऊन धडकला. कालिकादेवीच्या देवळाजवळ त्याचा तळ पडला, तालकटोऱ्याजवळ बादशाही फौजेशी लढाई झाली. तालकटोरा जंतरमंतरपासून काही फार लांब नाही. पलीकडे कुठेतरी रामयंत्राचे खांब तेव्हा उभे होते. दिल्ली जाळण्याचा विचार बाजीरावाच्या मनात आला होता, पण तसे केले तर राजकारणाचे धागे तुटतील म्हणून त्याने तो सोडला, असे त्याने चिमाजीअप्पांना कळवले. शत्रूशीही एक अंतर राखायचे असते, ते ओलांडले तर उद्या बोलायला जागा उरत नाही, हे अठराव्या शतकातल्या मुत्सद्द्याला ठाऊक होते.

जयसिंगानंतर वेधशाळांना वाली उरला नाही. मथुरेची तर पार नाहीशी झाली. दिल्लीच्या यंत्रांची १७६४ मध्ये जाटांच्या स्वारीत मोडतोड झाली. १८५२ मध्ये थोडी आणि १९१० मध्ये बरीच डागडुजी जयपूर दरबाराने केली. उज्जैनची वेधशाळा शिंद्यांच्या राज्यात आली; माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये ती दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाच्या हाती दिली. म्हणजे या वेधशाळांच्या आरंभीही एक मराठी पंडित आहे आणि पुनरुज्जीवनातही. तोवर दुर्बिणीने या दगडांना केव्हाच मागे टाकले होते. यंत्रे म्हणून त्यांचे काम संपले, आणि मग त्यांच्याकडे शिल्प म्हणून पाहणारा माणूस आला.

इसामु नोगुची १९०४ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मला. वडील जपानी कवी योने नोगुची, आई अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या नोगुचीवर तशी सक्ती नव्हती. तरी तो १९४२ मध्ये आपण होऊन ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत गेला. तिथे त्याला लोकांसाठी बागा आणि मैदाने करायची होती. ते झाले नाही, आणि आपण होऊन आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायला सहा-सात महिने लागले. दोन देशांच्या मधली जागा कशी असते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९४९ मध्ये बोलिंजेन फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन तो युरोप, इजिप्त, भारत आणि पुढे पूर्वेकडे हिंडायला निघाला. विषय होता, लोक फुरसतीचा वेळ कोणत्या जागांमध्ये घालवतात आणि त्या जागांना शिल्पाने कसा आकार येतो. इंग्रजीत या विषयासाठी दोन वेगळे शब्द लागतात, एक जागेसाठी आणि एक फुरसतीसाठी. मराठीत ‘अवकाश’ म्हटले की काम भागते. दिल्लीला आणि जयपूरला त्याने या यंत्रांची कितीतरी छायाचित्रे घेतली. त्यांत आकडे आणि अंश नाहीत. आहेत ते पायऱ्या, कमानी, वक्र कडा आणि त्यांच्या मधून दिसणारे आभाळ. चौथऱ्यावर ठेवायच्या पुतळ्याचा काळ मागे पडत होता. शिल्प ही माणसाने भोवती फिरून पाहायची वस्तू न राहता, माणसाने आत शिरायची जागा होऊ शकते, या त्याच्या कल्पनेला इथे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा दगडी पुरावा मिळाला. १९८६ च्या व्हेनिस बिएनालेत अमेरिकेच्या दालनासमोर त्याने ‘स्लाइड मंत्र’ हे पांढऱ्या संगमरवराचे शिल्प मांडले. मागून जिना, पुढून वळत उतरणारी घसरगुंडी. नावातला ‘मंत्र’ जंतरमंतरमधला. त्याचेच काळ्या दगडातले भावंड नोगुचीच्या मृत्यूनंतर जपानमध्ये सप्पोरोच्या बागेत बसवले गेले, आणि मुले त्याच्यावरून घसरतात. शिल्पाला हात लावू नये ही पाटी तिथे लागत नाही, कारण मूल घसरल्याशिवाय ते शिल्प पुरे होत नाही.

नोगुचीने काय पाहिले हे महत्त्वाचे. तसेच काय पाहिले नाही, हेही. छायाचित्रात यंत्राचा आकार उरतो, पण त्या फटीत कोण उभे राहायचे, हा प्रश्न निघून जातो. अमूर्त कलेच्या इतिहासात ‘पोकळी’ हा शब्द आता सगळीकडे सापडतो. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचे पहिले मोठे प्रदर्शन भारतात झाले ते २०१० च्या अखेरीस, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईत. दिल्लीचे हे संग्रहालय जयपूर हाउसमध्ये आहे, म्हणजे सवाई जयसिंगाच्या वंशजांच्या दिल्लीतल्या वाड्यात. खोल रंगाच्या ज्या पोकळ्या कपूर घडवतो, त्यांत डोळ्याला तळ लागत नाही आणि पाहणारा एकटा पडतो. त्या अनुभवाची ताकद मोठी आहे. पण रामयंत्राची पोकळी तशी नाही. तिला तळ आहे, मोजमाप आहे, आणि तिच्यात उभा असलेला माणूस एकटा नाही. शेजारच्या इमारतीत तिची जोड आहे. एकाने हाक मारायची आणि दुसऱ्याने वाचायचे, अशी ती रचना आहे.

आता त्या भीतीकडे येऊ. मराठीत ‘अंतर’ या शब्दाला इतके दुःख का चिकटले, हे अठराव्या शतकातच पाहता येते. ज्या काळात जयसिंगाच्या यंत्रांवर माणसे सावलीवरून सूर्याचे अंश वाचत होती, त्याच पेशवाईच्या पुण्यात सावलीचा दुसराच हिशेब होता. अस्पृश्याची सावली सवर्णाच्या अंगावर पडू नये म्हणून त्याने रस्त्यावर केव्हा आणि कसे चालावे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके कसे बांधावे, पावलांखालची धूळ झाडायला कमरेला झाडू कसा बांधावा, याचे दाखले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात दिले आहेत. सकाळ-संध्याकाळ सावली लांब पडते. म्हणजे अंतर वाढवायचे. दुपारी आखूड, म्हणजे थोडी सवलत. सम्राटयंत्राचेच गणित, पण माणसावर लावलेले. मधली जागा इथेही रिकामी नव्हती. तीही मोजलेली आणि राखलेली होती, आणि तिच्यातूनच माणसाचा अर्थ ठरत होता.

म्हणून ‘मधली जागा जोडते’ हे वाक्य मला नुसते गोड मानून पुढे जाववत नाही. सामोअन गावसभेतही खांब मानाप्रमाणे वाटलेले असतात. कोणाला कोणत्या खांबाला टेकता येणार नाही, हेही त्या ‘वा’मध्येच ठरते. जागा जोडते की तोडते, हे जागेवरून कळत नाही. तिच्यात कोणाला उभे राहता येते, आणि राहणारा आपल्या मर्जीने तिथून हलू शकतो का, यावरून ते कळते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा माणूस आणि पाणी यांच्यामधले काही हातांचे अंतर संपले. शिल्पकलेच्या इतिहासात या पायऱ्यांचे नाव येत नाही. अवकाशाच्या इतिहासात ते यायला हवे.

दिल्लीत हा इतिहास जंतरमंतरच्या भिंतीला लागूनच चालू आहे. आज ‘जंतरमंतर’ म्हटले की देशातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेधशाळा येत नाही, तिच्या शेजारचा रस्ता येतो. पूर्वी निदर्शने इंडिया गेटजवळच्या बोट क्लबवर होत. १९८८ मध्ये महेंद्रसिंग टिकैत यांच्या नेतृत्वाखाली लाखो शेतकरी तिथे येऊन बसले, आणि सरकारला ती जवळीक सोसवली नाही. १९९३ पासून निदर्शनांसाठी जंतरमंतर रस्ता ठरवून देण्यात आला. संसदेपासून चालत जाण्याइतका जवळ, पण संसदेतून दिसणार नाही इतका दूर. हेही एक मोजलेले अंतर. एप्रिल २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे इथे उपोषणाला बसले, २०१५ मध्ये समान पेन्शनसाठी निवृत्त सैनिक बसले, २०१७ मध्ये तमिळनाडूचे शेतकरी मानवी कवट्या घेऊन बसले. ज्यांची नावे कोणत्याच बातमीत आली नाहीत, अशी माणसे वर्षानुवर्षे तंबू ठोकून बसली. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आवाजाच्या प्रदूषणाचे कारण देऊन इथली निदर्शने थांबवली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी अमान्य केली आणि नियम करायला सांगितले. रहिवाशांची शांतता आणि निदर्शकांचा हक्क या दोन्हींच्या मध्ये जागा काढावी, असा त्या निकालाचा रोख होता. नियम झाले; गर्दीला आकडा आला, वेळेला मर्यादा आली, परवानगी आली.

सत्ता आणि प्रजा यांच्यामधली जागा नीट ठेवायची, तर ती कोणी ठेवायची? सामोअन वाक्प्रचारात ते काम दोघांचे असते. एकानेच ती आखली, एकानेच तिला कुंपण घातले आणि दुसऱ्याने तिच्यात ठरलेल्या वेळी उभे राहून परत जायचे, तर तिला मधली जागा म्हणता येणार नाही. ती बाहेरची जागा होते. दोघांपैकी एकाची पट्टी अखंड झाली, की दुसऱ्याला पाय ठेवायला फट उरत नाही.

जंतरमंतर आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले स्मारक आहे. समोर पालिका केंद्राची उंच इमारत उभी आहे, कॅनॉट प्लेसच्या बाजूला आणखी इमारती. त्यांच्या सावल्या आवारात उतरतात आणि क्षितिजाजवळचे आकाश त्यांनी अडवले आहे. यंत्रांवरच्या अंशांच्या खुणा बऱ्याच ठिकाणी पुसट झाल्या आहेत. ज्या यंत्राचा अर्थच ‘इथून तिथपर्यंत मोकळे दिसते’ यावर उभा होता, त्याच्या आणि सूर्याच्या मधे आता कार्यालये आहेत. दगड जपला गेला, मधली जागा जपली गेली नाही. स्मारकांचे आपले कायदे बहुधा वस्तूला धरून लिहिलेले असतात. वस्तू ज्याच्याकडे पाहत होती त्याला धरून नव्हे.

तरीही थंडीतल्या एखाद्या स्वच्छ दुपारी रामयंत्रात उभे राहावे. खांबाची सावली आऱ्यांवरून सरकत असते. सहलीला आलेली मुले पट्ट्यांच्या मधल्या गल्ल्यांतून पळतात, रखवालदार त्यांना ओरडतो, आणि भिंतीपलीकडून कधी ध्वनिक्षेपकावरची घोषणा ऐकू येते, कधी नुसत्या रहदारीचा आवाज. सावली पट्टीवरून फटीत उतरते आणि दिसेनाशी होते. ती संपलेली नसते. शेजारच्या इमारतीत जाऊन पाहिले तर ती तिथे पट्टीवर आलेली असते. मात्र त्यासाठी उठून पलीकडे जावे लागते.